साखालवाशोच्या टेकडीवरून: शिकारी पक्षी गणनेच्या नोंदी

१६ ऑगस्ट, साखालवाशो

काल रात्री उशिरा पोचलो. सकाळी सामान न उघडताच टेकडीवर जाऊन आलो. पक्षी तुरळक, हवा दमट, समुद्रावर धुरकट.

या नोंदी कशासाठी ते एकदा लिहून ठेवतो. पुण्यातल्या आमच्या गटाला नोव्हेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर येणाऱ्या अमूर ससाण्यांची गणना नीट सुरू करायची आहे. आमच्या जुन्या वह्यांत ‘भरपूर’, ‘शेकडो’, ‘गेल्या वर्षीपेक्षा कमी वाटले’ यापलीकडे काही सापडत नाही. कमी ‘वाटले’ म्हणजे किती कमी, हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा जिथे ही मोजणी रोजचं काम आहे अशा ठिकाणी कोणीतरी जाऊन शिकून यावं असं ठरलं. रजा शिल्लक होती ती माझी.

जागा जॉर्जियातल्या बातुमी शहराजवळची. पश्चिमेला काळा समुद्र, पूर्वेला लेसर कॉकेशसचे डोंगर. पंख न मारता तरंगत लांबचा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांना उंची गाठायला जमिनीवरून वर चढणारी गरम हवा लागते. समुद्रावर ती पुरेशी मिळत नाही आणि डोंगरमाथ्यांवर दुपार झाली की ढग साचून पाऊस सुरू होतो. त्यामुळे रशिया नि पूर्व युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले पक्षी मधल्या अरुंद पट्टीत दाटतात. २००८ पासून दर शरद ऋतूत स्वयंसेवक इथे बसून मोजतात. एका हंगामात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी या पट्टीतून जातात. हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा.

यजमानीणबाईंच्या अंगणात मका वाळत घातलाय. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जॉर्जियन येत नाही. आत्तापर्यंत त्यावाचून काही अडलेलं नाही.

१८ ऑगस्ट

सकाळचा सगळा वेळ रेषा समजून घेण्यात गेला.

ठाणी दोन आहेत. साखालवाशो समुद्राच्या बाजूला, शुआम्ता आत डोंगराच्या बाजूला. दोन्ही ठाण्यांमधून जाणारी एक पूर्व-पश्चिम रेषा मनाशी ओढायची. पक्षी उत्तरेकडून येतात. रेषा ओलांडून दक्षिणेला गेला तो मोजायचा. तोवर तो कितीही जवळ आला, कितीही वेळ डोक्यावर घिरट्या घालत राहिला, तरी आकड्यात धरायचा नाही. रेषेपाशी येऊन मागे वळला तर सोडून द्यायचा. ओलांडून पुन्हा उत्तरेला आला तर ओरडून सांगायचं, म्हणजे नोंद करणारा दुरुस्ती करतो.

ठाण्यापासून पूर्वेला तीन पट्टे, पश्चिमेला तीन आणि एक थेट डोक्यावरचा. पट्ट्यांच्या हद्दी कड्यांवरून, विजेच्या मनोऱ्यांवरून, लांबच्या एका सुळक्यावरून ठरलेल्या आहेत. जमिनीवरच्या खुणा पाठ झाल्याशिवाय आकाशाकडे बघण्यात अर्थ नाही, असं इथे तिसऱ्या हंगामाला आलेली एक मुलगी म्हणाली. मी दुपारभर खुणा पाठ करत बसलो. शाळेत नकाशाला पाच गुण असायचे, ते कधी पुरे मिळाले नाहीत, ते आठवलं.

रेषेचा आग्रह इतका का, हे पहिल्या तासाभरातच पटलं. लोणावळ्यात आम्ही ‘आकाशात दिसणारे पक्षी’ मोजत होतो. दिसणं तर डोळ्यांवर, हवेवर, कोण कुठे उभा आहे त्यावर ठरतं. ओलांडणं मात्र पक्षी एकदाच करतो.

२० ऑगस्ट

क्लिकर हातात आला. मोजणीचं छोटं यंत्र, चकचकीत स्टीलचं, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा. उजवा मधुबाजासाठी, डावा घारीसाठी. बाकी सगळं तोंडी.

इथे ऑगस्टच्या शेवटी नि सप्टेंबरच्या सुरुवातीला मुख्य गर्दी युरोपीय मधुबाजाची. आपल्याकडे दिसणाऱ्या मधुबाजाचा हा सख्खा भाऊ. घार मात्र आपलीच, तीच जात. पुण्यात कचरा डेपोवर फिरणाऱ्या घारीकडे मी वळूनही बघत नाही, इथे तिच्यासाठी डावा हात राखून ठेवलाय.

एक शिस्त लगेच लागते. एक क्लिक म्हणजे एक की दहा, हे सुरू करण्याआधी मोठ्याने सांगायचं. टॅबवर नोंदी घेणारा वेगळा माणूस असतो आणि तो प्रत्येक वेळी विचारतोच. मोजणारा आकाशावरून नजर काढत नाही, लिहिणारा टॅबवरून. दोन्ही कामं एकाने केली की दोन्ही बिघडतात. थवा संपल्याबरोबर जात, आकडा, पट्टा सांगून क्लिकर शून्यावर आणायचा. वेळ टॅब आपोआप घेतो. ‘नंतर सांगतो’ ही सोय ठेवलेली नाही.

२२ ऑगस्ट

पाऊस. टेकडीवर जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून जेवणाच्या टेबलावर सराव. मी घरून आणलेली मसूर कामी आली. (आणली होती खिचडीसाठी.) एकाने मूठभर ताटात टाकायची, तीन सेकंदांनी वर फडकं झाकायचं, प्रत्येकाने आकडा कागदावर लिहायचा. दुसऱ्याचा कागद बघायचा नाही. मग दाणे मोजायचे.

चार-पाच दाणे असतील तर डोळा मोजत नाही, त्याला ते नुसतेच कळतात. वीस-पंचवीसपर्यंत माणसं जवळपास बरोबर असतात. शंभराच्या पुढे गेलं की बहुतेक सगळे कमी सांगतात, आणि ढीग जितका मोठा तितकी ही तूट वाढत जाते. नवखा माणूस मोठ्या थव्याचा आकडा फुगवून सांगेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो घाबरून कमी सांगतो.

उपाय साधा आहे पण अंगवळणी पडायला वेळ घेतो. आधी दहा दाणे खरोखर मोजायचे. त्या दहांनी व्यापलेली जागा डोळ्यात पक्की करायची. मग तेवढे तुकडे पुढे ठेवत जायचं: दहा, वीस, तीस. पण दाटी बदलली की जुना तुकडा चालत नाही. ताटाच्या मध्ये दहा दाणे जेवढ्या जागेत मावतात, कडेला त्याच्या तिप्पट जागा घेतात. म्हणून दाटी बदलेल तिथे पुन्हा खरे दहा मोजायचे. अनुभवी माणसं हे इतक्या सहज करतात की बघणाऱ्याला ती अंदाजाने बोलताहेत असं वाटतं.

संध्याकाळी मसुरीची आमटी केली. स्पेनच्या मुलाने दोनदा घेतली.

२५ ऑगस्ट

पहिले खरे थवे. आता मुद्द्याचं लिहितो, कारण आमच्या गटाला पाठवायच्या टिपणात हेच आधी येईल.

सकाळी जमीन तापू लागली की झाडीतून पक्षी उठतात आणि गरम हवेच्या खांबात शिरून गोल गोल वर चढतात. इथे त्याला सगळे ‘केटल’ म्हणतात. दोनशे-तीनशे मधुबाज एकाच खांबात, वेगवेगळ्या उंचीवर, काही डावीकडून, काही उजवीकडून फिरताहेत. फोटो काढावा तर हाच. मोजायचा प्रयत्न करावा तर डोकं गरगरतं, कारण आत्ता मोजलेला पक्षी दोन सेकंदांत मागून पुढे येतो.

म्हणून केटल मोजायचीच नाही. तिच्याकडे बघून नुसती तयारी करायची: साधारण किती असतील, एकाचा क्लिक लागेल की दहाचा, कोणत्या जाती दिसताहेत. मग वाट बघायची. खांबाच्या माथ्यावर पोचलेला पक्षी पंख थोडे मागे ओढतो आणि पुढच्या खांबाकडे सरळ घसरत निघतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. ही रांग सुरू झाली की अंगठा चालू. एसटी स्टँडवरची गर्दी मोजता येत नाही, पण गाडीच्या दारातून उतरणारी माणसं मोजता येतात, तसंच हे.

रांग मोजतानाही दोन पद्धती. प्रवाह सावकाश असेल तर दुर्बीण एका खुणेवर रोखून धरायची आणि त्या खुणेवरून जाणारे पक्षी मोजायचे. प्रवाह संपत नसेल नि पुढचं टोक ढगात शिरायला लागलं असेल, तर टोकापासून सुरुवात करून दुर्बीण शेपटीकडे सरकवत न्यायची. पक्षी समोरून येतात, आपण त्यांच्या उलट जातो, रांग लवकर पार होते. उड्डाणाच्या दिशेने सरकवलं तर पक्षी आपल्यासोबतच चालत राहतात आणि मोजणी रेंगाळते.

सेकंदाला सात-आठ पक्षी खुणेवरून जाऊ लागले की एकेक क्लिक करणं अंगठ्याला जमत नाही. तेव्हा दहांचे तुकडे. त्याहून दाट प्रवाहात पन्नासाचे, शंभराचे. तुकडा मोठा तितकी चूक मोठी, हे सगळ्यांना माहीत असतं. शक्य तिथे लहानच तुकडा वापरायचा, एवढंच हातात असतं.

२७ ऑगस्ट

पाऊस. बातुमीत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो म्हणे, त्यातला बराचसा आजच पडला असावा. कपडे वाळत नाहीत. नोंद नाही.

३० ऑगस्ट

मिश्र थवे. मधुबाज आणि घारी एकाच रांगेत, अधूनमधून एखादा बूटेड ईगल. प्रत्येक पक्षी ओळखायला गेलं तर मोजणी हुकते, मोजत बसलं तर ओळखणं राहून जातं. म्हणून काम वाटून घेतात. एक जण जात न बघता सगळे मोजतो. दुसरा त्याच थव्यातले नमुन्याचे पक्षी ओळखतो.

उदाहरण मांडून ठेवतो. पहिल्याने एकूण ४२० मोजले. दुसऱ्याने ५० पक्षी नीट पाहिले: ३६ मधुबाज, १२ घारी, २ कळले नाहीत. तर ४२० पैकी मधुबाज सुमारे ३०२, घारी १०१, अनोळखी १७. हिशोब शाळकरी आहे. खरी मेख नमुना कुठून घ्यायचा यात आहे. घारी पुष्कळदा आपापल्या झुंडीने जातात. नुसत्या पुढच्या टोकाचे पन्नास पाहिले तर सगळे मधुबाज निघतील आणि मागून येणाऱ्या घारी कागदावर मधुबाज होतील. म्हणून थोडे पुढचे, थोडे मधले, थोडे शेपटीचे.

ओळखीच्या खुणा घसरत्या उड्डाणातल्याच धरायच्या, कारण मोजतो तेव्हाच. मधुबाजाचं डोकं लहान, मान पुढे काढलेली, पंखांची टोकं किंचित खाली झुकलेली. घारीचे पंख मनगटाशी मोडलेले आणि शेपटी खाचेची. पुढच्या महिन्यात येणाऱ्या स्टेप बझर्डची मान आखूड, अंगाने गोटीबंद. रंगांवर जाऊ नये. मधुबाज पांढुरक्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत कुठल्याही रंगाचा असू शकतो, आणि दोन किलोमीटरवर सगळेच काळे.

३ सप्टेंबर

आजचा एकूण आकडा इथे लिहीत नाही. रात्री तपासणी होईपर्यंत तो कोणीच कुठे लिहू नये असा संकेत आहे आणि तो मला योग्य वाटतो. बातुमीत एका दिवसात एक लाखाहून अधिक पक्षी गेल्याचे दिवस नोंदलेले आहेत. आज ते दिवस कसे असतील याची कल्पना आली.

सकाळी दहापर्यंत काही नाही. डोंगरांवर कालपासून ढग बसलेले, खाली किनाऱ्याकडे ऊन. हे गणित इथल्या जुन्या लोकांनी न्याहारीलाच मांडलं होतं: डोंगर ओले असले की पक्षी समुद्राकडे सरकतात, म्हणजे आपल्या डोक्यावर. साडेदहाला उत्तरेच्या कड्यावर मिरी उधळल्यासारखं दिसलं. मग तेच चारी ठिकाणी.

एका वेळी चार प्रवाह. डोक्यावरचा, पश्चिमेला समुद्राच्या कडेने जाणारा, पूर्वेला दोन. अशा वेळी पहिला नियम: आपला पट्टा सोडायचा नाही. शेजारच्या पट्ट्यात पाच हजारांची रांग जात असेल आणि माझ्या पट्ट्यात चाळीस पक्षी असतील, तरी मी चाळीसच मोजायचे. सगळे मोठ्या रांगेकडे वळले की ती दोनदा मोजली जाते नि लहान रांगा कोणीच मोजत नाही. मोह फार होतो. संयोजक मागे उभा राहून कोणाची मान कुठे वळते यावरच लक्ष ठेवत होता.

पूर्वेचा मोजणारा दहाच्या तुकड्यांवरून पन्नासावर गेला, त्याने तसं ओरडून सांगितलं, लिहिणाऱ्याने परत म्हणून घेतलं. मधूनच तो थांबून दहा पक्षी एकेक मोजून तुकडा तपासत होता. हजारो जात असताना दहा मोजायला थांबणं वेडेपणा वाटतो. पण दोन सेकंदांत सोळा पक्षी सुटले तरी चालतात, तुकडाच चुकला तर पुढचे हजार चुकतात.

शुआम्ताशी रेडिओवर बोलणं सतत चालू. दोन ठाण्यांच्या मधून जाणारा थवा दोघांनाही दिसतो. ‘आमच्या पूर्वेला, दुसऱ्या पट्ट्यात, तीनशेची रांग, पुढचं टोक मनोऱ्यावर.’ ‘दिसली. तुम्ही घ्या.’ एवढंच. ज्याच्या जवळून जाते त्याची. बोलणं राहिलं तर दोघेही वेळ आणि पट्टा लिहितात आणि वाद रात्रीवर टाकतात.

दर तासाला जागा बदलायच्या. मान आणि डोळे दोन्ही जातात. दुपारी काही जण चटईवर उताणे पडून डोक्यावरचा पट्टा मोजत होते, ती जागा सगळ्यांना हवी असते. यजमानीणबाईंनी खाचापुरीचं ताट टेकडीवर पाठवलं: चीज भरलेली रोटी, होडीच्या आकाराची, मध्ये अंडं. निवेपर्यंत कोणाचा हात मोकळा झाला नाही. गार खाल्ली.

४ सप्टेंबर

रात्रीच्या तपासणीबद्दल. दोन्ही ठाण्यांच्या नोंदी वेळेनुसार शेजारी लावल्या. त्याच काही मिनिटांत, मधल्या पट्ट्यात, जवळपास सारखा आकडा, सारखी जात दिसली की दोघांना विचारायचं. दिशा जुळली तर एक नोंद राहते, दुसरी ‘दुहेरी’ अशी खूण करून ठेवतात. पुसत नाहीत. कच्ची नोंद कधीच पुसायची नाही, हे मला फार आवडलं. उद्या कोणाला नियम बदलून नव्याने बेरीज करायची असेल तर करता आली पाहिजे.

एका थव्याचे दोन आकडे आले तर सरासरी काढत नाहीत. कोणाला तो अधिक चांगला दिसत होता, त्याचा ठेवतात. मी विचारलं, हा निवाडा आपल्या मर्जीचा नाही का होत? उत्तर आलं: होतो, म्हणून तो कोणी केला तेही लिहितो.

१० सप्टेंबर

निरभ्र निळं आकाश. पाहुण्यांना आनंद, मोजणाऱ्यांना वैताग. निळ्यावर उंचावरचा पक्षी दिसतच नाही. पांढरा ढग मागे असेल तर डागासारखा उठून दिसतो, म्हणून मोजणारे ढगांच्या कडा दुर्बिणीने चाळत राहतात. भर दुपारी तर हवा इतकी जोरात चढते की पक्षी नजरेच्या पल्ल्याबाहेर जातात. कागदावर बारा ते दोन ओस दिसतं. पक्षी थांबलेले नसतात, आपण आंधळे झालेले असतो. हा खड्डा जगभरच्या ठाण्यांना ठाऊक आहे. म्हणून दर तासाला ढग, वारा, दृश्यता लिहायची. शून्य लिहिताना ते कोणत्या आकाशातलं शून्य, हे पुढच्या माणसाला कळायला हवं.

दुपारनंतर भोवत्यांची वर्दळ. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या, आपल्या माळरानांवर हिवाळ्यात उतरणाऱ्याच जाती. नर जवळून गेला तर ओळखतो. मादी नि पिल्लं लांबून गेली तर भलेभले ‘दोघांपैकी एक’ एवढंच लिहितात आणि त्यासाठी टॅबवर वेगळी नोंद आहे. पुण्यात अशा वेळी सगळ्यांत अनुभवी माणसाकडे बघून त्याच्या तोंडून एक नाव काढून घेण्याची आपली रीत आहे. इथे सगळ्यांत अनुभवी माणूसच सर्वाधिक वेळा ‘कळलं नाही’ म्हणतो.

लहान पक्ष्यांचं आणखी एक. लेव्हंट स्पॅरोहॉक दूरच्या पट्ट्यात दिसतच नाही, तर तिथली शून्यं खरी कशी? अशा जातींची तुलना जवळच्या पट्ट्यांपुरतीच करायची. गरुडाचा आणि स्पॅरोहॉकचा आकडा एकाच मापाचा नसतो.

१६ सप्टेंबर

सकाळी धुकं, धुक्यातून बंदुकीचे बार. खालच्या रानातून. पक्षी ढगांमुळे खाली उतरले की कड्यांवर गोळ्या चालतात. बेकायदा आहे, तरी चालतं. आवाज किती आले तेही टिपतात.

दुसरीकडे याच अजारा भागात बाझियेरी आहेत, बाज पाळणारे. खाटीक पक्ष्याचं आमिष दाखवून प्रवासातला स्पॅरोहॉक पकडायचा, त्याला लावे मारायला शिकवायचं आणि हंगाम संपला की सोडून द्यायचं. एक म्हातारेबुवा हातावर पक्षी घेऊन ठाण्यावर आले, आमच्या क्लिकरकडे बघून हसले. पक्षी लांबून ओळखण्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना मागे टाकलं.

बंदुकांचं आणि मोजणीचं नातं जुनंच. पेनसिल्व्हेनियात एका डोंगरधारेवर लोक जाणाऱ्या ससाण्यांना मौज म्हणून मारायचे. १९३४ मध्ये पक्षीसंरक्षणासाठी लढणाऱ्या रोझली एज यांनी तो डोंगरच ताब्यात घेतला. राखणीला ठेवलेले मॉरिस ब्रून यांनी त्याच शरद ऋतूत मोजायला सुरुवात केली. तो हॉक माउंटन. आजही तिथे मोजतात.

२४ सप्टेंबर

मधुबाज ओसरले. आधी प्रौढ गेले, गेले दोन आठवडे जे तुरळक येत होते त्यात यंदाची पिल्लं जास्त. प्रौढांच्या पंखांची मागची कड काळी, ठसठशीत. पिल्लांची पुसट, चोचीच्या मुळाशी पिवळं. जवळून गेलेल्या पक्ष्यांपैकी जेवढ्यांचं वय सांगता येईल तेवढ्यांचं लिहायचं, बाकीच्यांवर ते लादायचं नाही. पिल्लांचं प्रमाण हंगामभर नीट लिहिलं तर प्रजनन कसं झालं याचा सुगावा लागू शकतो.

आता स्टेप बझर्ड आणि लेसर स्पॉटेड ईगल. गरुड मोजणं सुखाचं. मोठे, संथ, अंतर राखून. आज एकेकाचाच क्लिक.

२ ऑक्टोबर

उद्या निघायचं. रात्री पाठीमागच्या खोलीत दुसऱ्या देशांतल्या ठाण्यांच्या गप्पा. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझमध्ये एका शरद ऋतूत चाळीस लाखांहून अधिक पक्षी जातात. तिथलं एक ठाणं कार्देल गावातल्या हॉटेलच्या गच्चीवर आहे. टर्की गिधाडं नि ब्रॉड-विंग्ड हॉक लाखांनी, तेव्हा दहा-शंभरांचे तुकडे तिथे रोजचेच. इस्राएलमध्ये हवाई दलाची विमानं पक्ष्यांवर आदळायची, म्हणून पक्षीशास्त्रज्ञ योसी लेशेम यांनी १९८०च्या दशकात इंजिनाच्या ग्लायडरमधून थव्यांसोबत उडून त्यांची उंची नि वाट टिपली. पुढे रडारही आलं. रडार रात्रंदिवस मोजतं, निळ्या आकाशात फसत नाही, पण जात सांगत नाही. तिथे शरद ऋतूत माणसांची आडवी रांगच देशाच्या रुंदीत बसवायचे, म्हणजे थवा पूर्वेला सरकला तरी कोणाच्या ना कोणाच्या रेषेत येतोच.

हे शेवटचं ऐकताना लोणावळ्याची चिंता सुरू झाली. आपल्याकडे अरुंद पट्टीच नाही.

९ नोव्हेंबर, पुणे

गटाची बैठक. माझं टिपण सगळ्यांनी वाचलं होतं आणि सगळ्यांना क्लिकर हवे होते. रविवार पेठेतून आणले.

पण मी आधी अडचणीच मांडल्या. बातुमीची रेषा चालते कारण समुद्र आणि डोंगर पक्ष्यांना तिच्यावर आणून सोडतात. अमूर ससाणा समुद्राला भीत नाही. तो द्वीपकल्प ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतो. २०१३ मध्ये नागालँडात भारतीय वन्यजीव संस्थेने उपग्रह टॅग लावलेल्या ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ या पक्ष्यांनी ते दाखवून दिलं. म्हणजे देशावर तो विखरून येतो. लोणावळ्यातल्या आकड्यावरून ‘महाराष्ट्रातून किती गेले’ हे कधीच सांगता येणार नाही, आणि तसं सांगायचा मोह कोणी करू नये.

मोठी गर्दी होते ती नागालँडात डोयांग जलाशयापाशी, रात्रीच्या मुक्कामाला. २०१२ मध्ये तिथल्या कत्तलीची बातमी बाहेर आणणाऱ्यांत आपले पक्षी अभ्यासक शशांक दळवी होते. रोज १२ ते १४ हजार पक्षी मारले जातात हा त्यांचा अंदाज पक्षी आकाशात मोजून आलेला नव्हता. जाळी लावणारे गट किती आणि एका गटाच्या हाती रोज किती लागतात, यांचा तो गुणाकार होता. जिथे जे मोजता येतं ते मोजायचं आणि कसं मोजलं ते सांगायचं. त्या एका आकड्याने पुढच्याच वर्षी तिथली शिकार थांबायला मदत झाली.

एकाने विचारलं, मग आपण काय मोजणार? उत्तर नव्हतं. जागेवर जाऊन बघू म्हटलं.

२३ नोव्हेंबर, लोणावळा

आले. पठारावर चतुर उडताहेत नि ससाणे त्यांच्यामागे. दुपारी चारपासून गवतावर वर-खाली, पुन्हा वर. मजेत खाताहेत. प्रवास करत नाहीत, चरताहेत.

हीच आमच्या जुन्या वह्यांची भानगड होती. एका खुणेवर दुर्बीण रोखून धरली तर तोच पक्षी पाच मिनिटांत चार वेळा ओलांडतो. तीसेक पक्षी तासभर फिरत राहिले तर मोजणाऱ्याच्या वहीत सहज तीनशे होतात, आणि ते तीनशे त्याने प्रामाणिकपणे मोजलेले असतात. वर्षानुवर्षांचे ‘शेकडो’ तिथून आले असावेत. ते खरे की खोटे हे आता ठरवता येणार नाही.

म्हणून आज दोन गोष्टी करून पाहिल्या. एक, दर पंधरा मिनिटांनी तिघांनी तीन बाजूंना तोंड करून, शिट्टी वाजल्याबरोबर, एकाच वेळी आपापल्या बाजूचं आकाश एकदा चाळायचं नि आकडा एकमेकांना न सांगता लिहायचा. हद्दी तिथल्याच: मोबाइलचा मनोरा, दरीचं टोक, एकटं जांभळाचं झाड. दुसरी, दाट झुंड दिसली की फोटो घेऊन रात्री पडद्यावर एकेका ठिपक्यावर खूण करत मोजायचं आणि डोळ्यांच्या आकड्याशी ताडून बघायचं. आज फोटोत दर वेळी डोळ्यांपेक्षा जास्त निघाले. मसुरीच्या ताटात झालं तेच.

सूर्य मावळताना मात्र काही ससाणे उंच गेले आणि सरळ पश्चिमेला, कोकणाकडे, परत न फिरता निघाले. तेवढ्यापुरती रेषा लागली, एकेकाचा क्लिक लागला. त्यासाठी वेगळा कागद ठेवायचा ठरलं: ‘निघाले’. चरणारे आणि निघालेले एकाच कागदावर आणायचे नाहीत.

रात्री छापील फॉर्मवरचा ‘दिवसाची बेरीज’ हा रकाना खोडला, त्या जागी ‘एका वेळी जास्तीत जास्त’ असं लिहिलं. ‘आकाश’ हा रकाना नवा घातला. पुढच्या शनिवारी दरीच्या टोकाला कोण बसणार ते अजून ठरायचं आहे, तिथे वारं फार लागतं.